दुधाचे चार

भुलीतून जागी झाली तशी अनुजिननं
डॉक्टरीणबाईंना आधी मूठ उघडायला लावली.
कापसात चार दात. वरचे, समोरचे,
कडेनं तपकिरी, मधे पोकळ,
चुलीखाली उरतात तशा कपच्या.

वय चार वर्षं, दोन महिने.

होंगोरझुलबाई रागावल्या नाहीत. विचारत गेल्या फक्त.
झोपताना बाटली?
हो. दूध-साखर. दूध संपलं की नुसतं साखरपाणी.
रात्रीत किती वेळा?
ते आजोबांना ठाऊक. मी लोकरीच्या कारखान्यात असते,
दहा ते सहा.
चमचा एकच?
सूप निवलं का ते दामदिन आजोबा आधी जिभेनं बघतात,
मग तिला भरवतात.
त्यांचे स्वतःचे तीन उरलेत.

ब्रश?
सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या, असं म्हणता आलं असतं.
खोटं कशाला बोलू.
ब्रश आहे. निळा, अस्वलाचं चित्र असलेला.
पण पाणी टेकडीखालच्या टपरीतून ढकलगाडीवर चढवायचं,
चाळीस लिटर,
आणि जानेवारीत डब्याचं तोंड कुऱ्हाडीनं फोडायचं.
आधी चहा, मग भांडी, मग तोंडं.
दातांपर्यंत पाणी पोचत नाही.

नव्या वर्षाला घरोघरी गेलो.
प्रत्येक गेरमध्ये पोरीच्या मुठीत गोळ्या.
नको म्हणावं तर यजमानाचा अपमान.
मेपर्यंत पुरल्या तिला.

एक मात्र मी बाईंना सांगितलं नाही.
गेल्या वर्षी हिरडीलगत पांढरी रेघ दिसली होती.
दूध असेल म्हणून मी बोटानं पुसली.
पुसली गेली नाही.
मी दिवा मालवला.

पडलेला दुधाचा दात आमच्याकडे
मेंढीच्या शेपटीच्या चरबीत लपेटून कुत्र्याला देतात:
वाईट घे, चांगला दे.
हे पडलेले नव्हते. यांची अजून दोन-तीन वर्षं बाकी होती.
तरी आजोबांनी चार गोळे वळले, बासारला हाक मारली.
बासारनं चरबी चाटून खाल्ली
आणि दात ऑक्टोबरच्या बर्फावर टाकून दिले.
आजोबा वाकले. एकेक शोधून उचलला,
बाहीला पुसला. तीनच सापडले.

त्या रात्री बाटलीत पाणी होतं. साधं.
दीड तास रडली म्हणे.
मी कामावर होते.
शेजारच्या गेरमधल्या बाईनं सकाळी विचारलं,
पोरीला काही दुखतंय का?