दुभाषी, खोली क्रमांक सात

ट्रोम्सोच्या इस्पितळात सकाळचे अकरा
आणि खिडकीत निळसर अंधार.
डिसेंबरात इथे सूर्य वर यायची तसदी घेत नाही.

डॉक्टर टुरिड नॉर्वेजियन बोलतात,
आन्ते आणि रिस्तीना सामी ऐकतात.
मधल्या खुर्चीत सुन्ना,
तासाच्या बोलीवर आणलेली,
शपथ घेतलेली की पदरचं घालणार नाही,
आलेलं गाळणार नाही,
आणि बोलणाऱ्याचा 'मी' तोच आपला 'मी'.

पेशीच्या आत, डॉक्टर सांगतात,
मूळ पोथी आतल्या खोलीतच राहते.
बाहेर येते ती नक्कल.
तिच्यावरून एक वाचक सरकत जातो,
तीन अक्षरं, की एक मणी,
पुढची तीन, की पुढचा मणी,
अशी माळ. माळेचा होतो स्नायू.

'रायबोसोम'ला सुन्नाकडे शब्द नव्हता.
तो तिने तसाच पुढे सोडला,
नाक्यावरून जकातीशिवाय.

आणि मणी कोण आणतं?
छोटे हमाल असतात. एका टोकाला मणी,
दुसऱ्या टोकाला तीन अक्षरांची खूण.
खूण जुळली तरच ओझं उतरतं.
"तुमच्यासारखेच, सुन्ना," डॉक्टर हसल्या.
हेही भाषांतरित करावं लागलं.
'सुन्ना' म्हणताना
स्वतःचंच नाव तिला उसनं वाटलं.

खाली फरशीवर यॉव्ना, वय वर्षं चार,
कचऱ्याच्या डब्यावर फास टाकत होता.
डबा म्हणजे रेनडिअर.
दर वेळी नेम चुकला की दोर आणायला उठायचं,
म्हणजे आधी हात जमिनीवर, मग घोट्यावर,
मग गुडघ्यावर, मग मांडीवर,
स्वतःच्याच अंगावर चढत चढत
उभं राहायचं.

साडेतीन हजारांहून अधिक मण्यांची माळ आहे ही.
मध्ये एका जागी सी-जी-ए हवं होतं.
तिथे यू-जी-ए झालंय.
सीच्या जागी यू, एवढंच.
पण यू-जी-ए म्हणजे मणी नाही,
पूर्णविराम.
वाक्य संपायच्या आत.

आन्ते इतका वेळ आपल्या टोपीकडे बघत होता.
"पाडसाच्या कानाला खाच चुकीची पडली,
तर ते दुसऱ्याच्या कळपात मोजलं जातं.
तसं?"
सुन्नाने खाच सांगितली, कान सांगितला, कळप सांगितला.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"तसंच. फक्त हे कुणाच्याच कळपात मोजलं जात नाही.
अर्धी माळ पेशी मोडून टाकते."

शेवाळात तोच तक्ता, कॉड माशात तोच,
रेनडिअरच्या जिभेत, कुरतडल्या दगडफुलात,
तीच तीन-तीन अक्षरं, तेच मणी.
एवढ्या मोठ्या राज्यात एकच लिपी,
आणि या खोलीत चार माणसांना दोन भाषा पुरेनात.

मग रिस्तीना.
हळू बोलली, सुन्नाकडे न बघता.

सुन्नाला मूल नाही.
तिने स्वच्छ नॉर्वेजियनमध्ये विचारलं,
"मी दिलं का हे त्याला?"

डॉक्टरांनी आधी सुन्नाकडेच पाहिलं,
मग चूक सुधारून आईकडे.

'ध'चा 'मा' झाला, म्हणतो आपण,
आणि त्या गोष्टीत एक हात असतो,
बोरू असतो, कुणाची तरी इच्छा असते.
इथे दिव्याखाली वाकलेलं कुणी नाही.
असंख्य नकला निघत आल्या,
कधीतरी एक अक्षर घसरलं
आणि पुढच्या प्रत्येकाने ते इमानाने उतरवलं.

"तुमच्यातून आलं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही दिलं नाही."

येणं आणि देणं.
सुन्ना थांबली. दोन क्रियापदं,
जवळजवळ ठेवली तर चिकटतील अशी.
ती तिने एकेक करून,
गरम भांडी उतरवावीत तशी, रिस्तीनासमोर ठेवली.
मध्ये अंतर राहील इतक्या बेताने.

रिस्तीनाने कुठलं उचललं, कळलं नाही.

तेवढ्यात दोर सुटला, डब्यावरून घरंगळला
आणि फास पडला सुन्नाच्या बुटावर.
यॉव्ना ओरडला.
"काय म्हणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

शपथ म्हणजे शपथ.
"हलू नका," सुन्ना म्हणाली.

चौघंही जागच्या जागी थिजली.
मुलाने हात जमिनीवर टेकले,
मग घोट्यावर.