वीसपैकी तीन

पेन्सिलीनं सही केली आहे, खाली उजव्या कोपऱ्यात.
डावीकडे ३/२०.
मधे चित्राचं नाव, तेही पेन्सिलीनं,
इतकं हलकं की आधी चष्मा पुसावा लागतो.

तलाठी म्हणाले, डेकाटे,
पेन्सिलीची सही तहसीलात चालत नाही.
खोडरबर फिरवलं की संपलं.
आणि छापीलच आहे म्हणता,
तर झेरॉक्स काढायची ना, दोन रुपयात.
मी चहा पुढं केला.

बत्तीस वर्षं कापूस पाहिला मी वडनेरच्या जिनिंगात.
गाडीच्या पोटात हात घालून मूठभर उपसायचा,
चिमटीत ताणायचा,
कुठं तुटतो ते बघायचं
आणि भाव बोलायचा. बस्स.

त्या उन्हाळ्यात रेणू टेंभुर्णे आली
सरकीच्या ढिगावर बसून रेघोट्या ओढायला.
हमाल हसायचे, बाई, आमचा फोटू बी काढ व.
वर्षानं पोस्टानं पुठ्ठ्याची नळी आली.
आत जिनचा पट्टा, ती जाळीची खिडकी,
आणि खिळ्याला टांगलेला दुपट्टा.
माझाच.
चित्र नीट बघायच्या आधी
बोटं कागदावरून गेली, अन् तोंडातून निघालं,
हा तर कापूस आहे!
फोनवर ती म्हणाली, हाव काका, कापसाचाच कागद.

तेव्हापासून लागलं हे.
आता आठ आहेत.
एका पोराची लिनोवर कोरलेली बकरी, ९/१५,
कान फाटका, नजर सावकाराची.
एक नुसतीच काळी रात्र आणि खांबावरचा बल्ब, १८/५०,
चार हप्त्यांत फेडली.
एकात काय आहे ते मला अजून कळलं नाही,
म्हणून तोच जास्त वेळ बघतो.

कुंदाला वाटायचं, मी भिशी लावली आहे.
कळलं तेव्हा दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी ट्रंकेत कडुलिंबाचा पाला तिनंच ठेवला,
फडक्यात बांधून,
कागदाला डाग नको म्हणून.

भिंतीवर लावत नाही मी.
मे महिन्यात आमच्या भिंतीला हात लावून बघा.
रविवारी हात धुऊन, कोरडे करून
खाटेवर धुतलेली चादर,
चादरीवर एकेक.

चार नंबर मला धंतोलीत भेटला.
दाढ सुजलेली, समोर दातांच्या डॉक्टरीणबाईंची भिंत,
आणि काचेमागं माझा जिन.
तोच पट्टा. तीच खिडकी.
पण दुपट्टा गडद, शाई तिथं साचलेली.
माझ्याकडच्यावर रेणूचा तळवा जरा जास्त फिरला असेल,
तो उन्हानं विटलेला दिसतो, खरा होता तसा.
नर्स नाव पुकारत राहिली.
एकाच शेतातल्या एकाच वेचणीच्या दोन गाठी
मी कधी सारख्या पाहिल्या नाहीत,
तरी उभाच राहिलो.

लेकीसाठी एक अजून काढ म्हटलं रेणूला.
म्हणाली, पत्र्यावर फुली ओरखडून टाकली काका.
वीस म्हणजे वीस.
चांगला पत्रा. अजून शंभर निघाले असते.
रात्रभर कूस बदलत राहिलो.
जिनिंगात आकडा आला म्हणून कोणी थांबलं नाही कधी.
गाठीवर नंबर पडायचा, ट्रक भरायचा,
पुढं ती कोणाच्या अंगावर गेली
कोणी विचारलं नाही, मीही नाही.

आता डॉक्टरीणबाईंचा फोन येतो अधूनमधून.
तीन नंबर कसा आहे?
बरा आहे. पावसाळ्यात जरा फुगला होता,
उतरला आता. तुमचा?
माझा एसीत आहे, मजेत.

फोन ठेवला की चुलीकडून कुंदा विचारते,
कोणाचं लेकरू आजारी आहे जी?

मी हात धुवायला उठतो.