चार म्हणजे किती

समडोळीहून पहिल्या एस्टीनं आलेली दोघं.
मिरजेच्या या दवाखान्यात, एकाच मंगळवारी,
एकाच डॉक्टरच्या हातून
दोघांच्या उजव्या गुडघ्यात तेच इंजेक्शन.
एक्सरे असे, की पाकिटं बदलली
तर मलाही कळायचं नाही कुणाचा कुठला.

सहा आठवड्यांनी आदगोंडाआप्पा
टेबलावर स्वतः चढले.
"आठ हुतं, आता दोन लिवा.
बस्तीपतोर जाऊन येतोय, काठी घरात."
गुडघा एकशे वीसपर्यंत वाकला.
मी खूश होऊन लिहिलं.

हौसाक्कांचं तेव्हा चार.
आता?
"चारच की."
गुडघा नव्वदच्या अलीकडं अडलेला,
पदराखाली ओठ आवळलेला.

डॉक्टर म्हणाले, बायकांत दिसतं असं कधी कधी.
हार्मोन असेल, मांडीचे स्नायू, हाडाची ठेवण,
नक्की काही सांगता येत नाही.
आणि पुढचा केसपेपर ओढला.

नक्की मलाही सांगता येत नाही.
मला एवढंच कळलंय की म्हशी दोन आहेत,
धार दोन्ही वेळेला, उकिडवं बसून,
आणि मी दिलेले व्यायाम
आप्पा कॉटवर करतात तेव्हा
मोजायला समोर त्या उभ्या असतात.
"धा झालं का गं?"
"झालं."

मग विचारलं, जे कागदावर नसतं:
आक्का, तुमचा दहा केवढा?
त्या हसल्या. "धा म्हंजे थोरली.
पायाळू. कृष्णंला पूर, नाव बंद,
दोन रात्री. त्ये धा."
आप्पा म्हणाले, माझा धा म्हंजे...
आणि पंख्याकडं बघत राहिले.
कधीतरी बैलानं पाय दिला होता म्हणे.

"मग ह्यो गुडघा चारच न्हवं?"

केसपेपरच्या माथ्यावर एक चौकट असते,
स्त्री किंवा पुरुष.
इतकी वर्षं मी तिथं न बघता खूण करत आले.
आज पेन तिथंच अडलं.
खोडायचं काय, चार
की दहा?

आप्पा जिना उतरून गेलेसुद्धा.
"एस्टी चुकंल गं," खालून आवाज.
"आले की."
हौसाक्का कठड्याला धरून,
दोघांच्या गोळ्यांची पिशवी
या हातातून त्या हातात घेतात
आणि मी शिकवलं तसंच, न चुकता,
उतरताना दुखरा पाय आधी.