वाळूंदे

वडगावातला माग सोडवला तेव्हा
भंगारवाल्यानं लोखंड तोलून नेलं,
लाकडाकडं बघून म्हणाला, जळणाला घ्या.
सागवान. खानापूरकडचं.
तीन वर्षं न्हाणीवरच्या पत्र्याखाली
प्लास्टिक गुंडाळून ठेवलं मी,
बायको विचारायची, कोण यायचाय न्यायला?

यंदा टेबल केलं. धाकटीच्या दहावीसाठी.
सिद्राय सुतारानं सांधून दिलं, रंधा मारला,
पॉलिशचं तुझं तू बघ म्हणाला,
मजुरी लाकडावर जातीय.

रविवार. उद्यमबागेत पाळी नाही.
पोत्यावर टेबल उलटं टाकलेलं, पाय आभाळाकडं.
आधी ऐंशीचा काचकागद, मग एकशेवीस,
मग दोनशेवीस,
रेषेच्या अंगानंच, आडवा हात मारायचा नाही.
खडेबाजारातल्या दस्तगीरचाचांनी
लाखेच्या पापड्या कागदात बांधून दिलेल्या:
स्पिरिटात रातभर भिजव,
अधनंमधनं हलव, ताकाच्या बाटलीगत.
आणि चिंधी बनियनचीच घे.
साडीचा तुकडा नको, जर ओरखडती.

आमच्या घरात साडीचे तुकडे सोडून
दुसरं काय असायचं, चाचा.

अक्रोडी रंग फिरवला.
पाय प्याले, फळ्या प्याल्या,
पुढच्या पट्टीवर मात्र
वीतभर जागेत रंग बसेना.
तापल्या तव्यावरच्या पाण्यागत
गोळा होऊन बाजूला सरकला.
आप्पा पोट टेकायचे ती पट्टी.
विणलेलं कापड तिच्यावरनंच खाली जायचं.

फोन लावला. चाचा म्हणाले,
तेल मुरलंय. घास अजून.

घासलं. लाकूड तापलं आणि वास आला,
खळीचा, आंबूस, वर थोडं खोबरेल.
इथं हात थांबला असं लिहिलं तर बरं दिसेल.
थांबला नाही.
दुपार टळेपर्यंत घासत होतो,
स्पिरिटनं पुसलं, पुन्हा रंग लावला,
डाग थोडा लहान झाला,
गेला नाही.

भिंतीपलीकडनं गंगव्वा डोकावली.
बोट लावाय गेलो तशी ओरडली,
ओणगली, ओणगली!
वाळूंदे की म्हणतोय मी बी, म्हटलं.
आमच्या गल्लीत वाळायला दोन शब्द हायत,
वेळ तेवढाच लागतो.

लाखेचे सहा हात दिले.
मधे मधे थांबून, चहा पिऊन,
एकदा माशी चिकटली ती सुईनं काढून.
संध्याकाळी धाकटी आली, वाकून बघितलं,
पप्पा, इथं राहिलंय.
मग कोपर नेमकं तिथंच टेकवून
भूमितीचं पुस्तक उघडलं.
ओलं आहे, म्हणेपर्यंत
कोपराचा ठसा उठला.

सोमवारी भट्टीपुढं नखं अक्रोडी.
सुपरवायझर हसला, काय, मेंदी?
म्हटलं, टेबल.