बदकानं वाटाणे का नाकारले

आर्ब्रोथच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
एका पबची मागची खोली. महिन्याचा तिसरा गुरुवार.
धुरी दिलेल्या मासळीचा वास आमच्या कोटांना
जन्मखुणेसारखा.
इतिवृत्त मी लिहिते. हजर: चार.
खुर्च्या: पाच.

वाद जुनाच. पान दोनशे बारा.
मास्टर थ्रिपल, मठ्ठ पण मनाचा चांगला जादूगार,
त्या कादंबरीत अकरा जन्म घेतो:
एकदा बोकड, एकदा जकातनाक्यावरचा कारकून,
एकदा तर किटलीचं झाकण
(तिथे आम्ही हसून पालथे पडतो, दर वेळी).
आणि नवव्या प्रकरणात एक बदक येतं.
डाव्या पायानं लंगडतं.
वाटाणे पुढे केले की मान फिरवतं.
थ्रिपलला वाटाण्यांचा तिटकारा होता.
एवढंच. याउपर लेखिका काही सांगत नाही,
आणि आता सांगणारही नाही;
पुढचा भाग अर्ध्यावर टाकून ती गेली,
कुठल्या जन्मात, तिचं तिला ठाऊक.

इशबेल लिफ्ट दुरुस्त करते.
अधांतरी लटकलेलं काही तिला खपत नाही.
"बदक म्हणजे थ्रिपलच. जगातलं कुठलं बदक
वाटाण्याला नाही म्हणतं? दाखवा.
तळ्यावर जाऊ, आत्ता."
(एकदा गेलोही होतो. मार्चमध्ये, फ्रीजरमधले वाटाणे घेऊन.
सव्वीस बदकं. एकानंही नाही म्हटलं नाही.
नोंद आहे.)

डूगल म्हणतो, मुद्दा जादूचा आहे.
त्या जगात एका मंत्राची किंमत एक आठवण.
दिवा लावा, बहिणीचं नाव जातं.
कुलूप उघडा, आत कशाला आलो होतो ते जातं.
"म्हणजे मरायच्या आधीच गडी रिकामा झालेला.
मग पुढच्या जन्मात गेलं ते काय?"
कर्स्टी, वय एकोणीस, चिप्स चघळत:
"वाटाण्यांचा राग. तो कुठल्या मंत्रानं
किंमत म्हणून घेतलाच नसेल."
आम्ही गप्प. पोरगी अधूनमधून असं बोलून जाते.

अशा वेळी हेक्टर खाकरायचा. दोनदा.
चाळीस वर्षं लिलावात मासळी तोलली त्यानं,
काट्यावर चढत नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच.
"बदक हे बदक असतं, बाई.
त्यालाही एखादी भाजी नावडू शकते."
अकरा वर्षं तो नि इशबेल या एका वाक्यावर भांडले.
झाकणाच्या प्रकरणावरून तर तीन महिने अबोला,
निरोप माझ्यामार्फत.
फेब्रुवारीत तो गेला.
दफनाला इशबेल कामाच्या कपड्यांतच आली, हात ग्रीसचे,
आणि सगळ्यांच्या आधी निघाली.

तर, आज विरोधात कुणीच नाही.
बदक म्हणजे थ्रिपल: एकमतानं मंजूर,
असं लिहायला घेतलं, तर पेन अडलं.
इशबेलनं वाकून वही पाहिली.
"हे काय, संपलं? साडेसातच तर वाजलेत."
मग ती खाकरली.
दोनदा.
"पण समजा, ते नुसतं बदकच असेल?
काट्यावर टाका पुरावा. भरला किती?
एक वाटाणा."

डूगल भडकला: "अगं, गेल्या महिन्यापर्यंत तू..."
"गेल्या महिन्याचं गेल्या महिन्यात."
कर्स्टीनं टेबलावर मूठ आपटली,
इशबेलचेच जुने मुद्दे इशबेलच्या तोंडावर फेकले,
लंगडणं, मान, ते सव्वीस साक्षीदार.
चिप्स सांडल्या. शेजारच्या खोलीतून
डार्ट्सवाल्यांनी भिंत ठोकली.
दहाला पबवाला दिवे मिचकावून गेला.

ठराव तहकूब.

एक नोंद राहिली. पबवाल्यानं सवयीनं
पाच ग्लास आणले होते,
पाचव्यात ती काळी कडू बिअर, हेक्टरची.
कुणी काही बोललं नाही.
निघता निघता इशबेलनं तो ग्लास उचलला,
एक घोट घेतला
आणि मान फिरवली.