सात सेकंद

पहिला धडा हात मांडीवर ठेवण्याचा.
एकतीस वर्षं लाकडाचे ओंडके वाहिले मी
कोलारीपासून थेट केमीच्या बंदरापर्यंत,
आणि आता हा वेती, माझ्या भाच्याच्या वयाचा,
सांगतो, हिल्का, स्टिअरिंगला हात नको,
फक्त लक्ष असू दे.
लक्ष असू दे म्हणजे काय, मी विचारलं.
त्यानं वहीत पाहिलं.
विणकाम आणलं तर चालेल का, हेही विचारलं.
नाही म्हणाला.
तेवढं मात्र वहीत न पाहता.

गाडी चालते. छान चालते, खोटं कशाला बोलू.
वळणावर माझ्यापेक्षा हलकी वळते,
कुणावर चिडत नाही, कॉफी मागत नाही.
छपरावरचा डबा गरगर फिरतो
आणि पडद्यावर पाइनची झाडं होतात ठिपक्यांची,
हिरव्या, जांभळ्या, मोजून ठेवलेल्या.
पुढच्या गाडीला रेनडिअर दिसला
की मागच्या सगळ्यांना कळतं
पापणी लवायच्या आत.
हे सांगताना वेती खुर्चीतून उठतो,
जणू ही गोष्ट काल जन्मली.

आम्हीही सांगायचो रे.
समोरून येणाऱ्याला दिवे दोनदा मिचकावायचे:
जपून, पुढे कळप आहे.
तीनदा म्हणजे पोलीस.
एक होता, त्याचा डावा दिवा कायम पिवळट,
वीस हिवाळे तो मला सांभाळत गेला
आणि मी त्याला.
नाव नाही, चेहरा नाही,
नुसता एक आजारी दिवा
दुपारी दोनच्या अंधारातून येणारा.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
मागच्या बाकावरचा आर्मास म्हणाला,
त्याच रस्त्यावर होतो मी, निळा ट्रक.
डावा दिवा? मी विचारलं.
तो बराच वेळ चमच्याकडे बघत राहिला.
आठ वेळा बल्ब बदलला, म्हणाला,
दोष वायरीत होता.
मग आम्ही सूप संपवलं.
त्यानं माझी थाळीही उचलून नेली.

चौथ्या दिवशी वारा उत्तरेकडून आला.
बर्फ पडत नव्हता, आडवा धावत होता,
रस्ता आणि दलदल एकाच ताग्यातून फाडलेली.
ठिपके विस्कटले.
छपरावरचा डबा आंधळी कोशिंबीर खेळू लागला.
वेती मागच्या सीटवर होता, गप्प,
आणि पडद्यावर अक्षरं आली:
कडा सापडत नाही. ताबा घ्या. सात.
सहा.
हात मांडीवरून उठले, मला न विचारता.
पाच मी पाहिलाच नाही.

रस्ताही पाहिला नाही. होताच कुठे दिसायला?
खिडकी बोटभर उघडली, थंडी कानात शिरली,
आणि चाकं काय म्हणतात ते ऐकत
तीन किलोमीटर गेले, सायकलच्या वेगानं,
मध्येच एखादी खुणेची काठी उगवायची उजवीकडे,
बरोबर जिथे उगवावी तिथे.

संध्याकाळी अर्ज भरायचा असतो.
रस्ता कशावरून ओळखला?
कॅमेरा. रडार. नकाशा. इतर.
इतरपुढे एवढीशी रेघ.
मी रेघ ओलांडून समासात लिहिलं:
मधोमध असलो की आवाज येतो
राईची कडक पोळी मोडल्यासारखा,
कडेला सरकलो की पिठात पाय पडल्यासारखा.
वेतीनं दोनदा वाचलं. मला वाटलं, हसेल.
उद्या चाकापाशी माईक बांधू, म्हणाला,
आणि विचारलं,
पिठात म्हणजे कोरड्या की भिजवलेल्या?

कोरड्या, मी म्हटलं.
मग वाटलं, मार्चमध्ये भिजवलेल्या.
मार्चचं त्याला अजून सांगायचंय.

घरी निघाले माझ्या जुन्या गाडीतून.
वारा थकला होता. समोरून कुणी आलं,
दोन्ही दिवे पांढरेशुभ्र, निरोगी.
हात परत मला न विचारता उठला,
दोनदा मिचकावले.
पुढे काहीच नव्हतं.
त्यानं वेग कमी केला, बिचाऱ्यानं,
आणि रिकाम्या रस्त्यावर
हळूहळू, जपून गेला.