पोटातलं पाणी

हिडकलच्या धरणात पाणी उतरलेलं, एप्रिलचा तिसरा रविवार,
आणि काठावर दोन जुन्या फायबरच्या बोटी.
तांबडी भावकाण्णा कडोलकरची,
उद्यमबागेत त्याची फाउंड्री, मनगटांवर ठिणग्यांचे डाग.
निळी बसलिंग नेसरगीची,
वास्कोच्या भंगारातून उसाच्या ट्रॉलीवर
चोर्ला घाट चढून आलेली.
दोघी माझ्याच वयाच्या, पन्नाशी उलटलेल्या,
अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा.
मी संकेश्वरच्या शाळेतली पीटीची बाई.
मला बोलावलं ते स्टॉपवॉचसाठी.

पासष्ट घोड्यांचं एकच इंजिन,
आधी हिच्या पाठीला, मग तिच्या.
न्याय म्हणजे न्याय, भावकाण्णा म्हणाला,
आणि पाना शोधण्यात पाऊण तास घालवला.

जॅकवेलच्या खांबापासून सुक्या बाभळीपर्यंत
आठशे मीटर, दोरीनं मोजलेले.
तांबडीचा तळ परातीसारखा.
चार सेकंदांत ती पाण्यावर चढली
आणि मग पाण्याला नुसती बोटं लावत गेली.
एक्कावन्न.
निळीचा तळ नांगराच्या फाळासारखा खोल.
नाक आभाळाकडे, बूड पाण्यात,
म्हैस उठावी तशी उठली, दमानं.
अठ्ठावन्न.
मी मराठीत आकडा लिहिला, बसलिंगनं कन्नडात.
सात सेकंद दोन्हीकडे सातच.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला.
पाण्याला खवले आले.
तांबडी आता प्रत्येक लाटेवर आपटायची,
धोपटणं ऐकून काठावरची बाई म्हणाली,
कोण एवढी वाकळ धुतंय?
वळणावर पंखा हवा खायचा, इंजिन किंचाळायचं,
भावकाण्णानं जीभ चावली ती तिथंच.
बसलिंग म्हणाला, टीचर, या की, बसा निळीत.
पोटातलं पाणी हलायचं नाही.

बसले. आणि खरंच.
लाट यायची, दुभंगायची, दोन्ही बाजूंनी निघून जायची.
वळताना बोट आत कलायची,
सायकल कलते तशी, विश्वासानं.
घड्याळ दाबायचं मी विसरले.
(हे वहीत लिहिलेलं नाही.)

पण सकाळचे सात सेकंद बसलिंगला झोपू देईनात.
सोमवारी निळी साखर कारखान्याच्या काट्यावर.
हंगाम संपलेला, दुंडाप्पा काटेवाला एकटाच,
कुठला ऊस म्हणायचा हा, म्हणत त्यानं पावती फाडली.
कागदपत्रात वजन तीनशे साठ किलो.
काट्यावर पाचशे सत्तर.
परत चढवली. पाचशे सत्तर.

स्वल्प तडी, म्हणाला बसलिंग,
आणि मागच्या फळीत, अगदी खाली,
सहा एमएमचं ड्रिल लावलं.
आधी ओला भुसा आला, काळा, कुजका,
मग चहाच्या रंगाची एक धार.
त्यानं बोट लावलं, जिभेवर ठेवलं.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग माझ्यापुढं बोट धरून म्हणाला, खारट आहे हो.

सकाळपर्यंत तीन बादल्या.
बाकीचं फोममध्ये मुरलेलं, ते सुटेना.
म्हणजे काल आम्ही दोघींना तोललंच नव्हतं.
एकीच्या पोटात अख्खी दोन क्विंटल
वास्कोची खाडी होती,
आणि ती घेऊन ती गोड्या पाण्यात पळत होती.

भावकाण्णा म्हणतो, फाड तळ, काढ फोम,
माझ्याकडं नवा राळ-कापड पडलाय, पैसे नंतर.
बसलिंग निळीच्या कुशीवर थाप मारतो,
जड आवाज येतो, पिकलेल्या फणसासारखा.
आणि हलकी झाल्यावर, तो विचारतो,
ती तशीच चालंल काय?
भावकाण्णाला पंखे कळतात, धातू कळतो.
त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मी घड्याळाकडं.

बादल्या धरणात ओतायला बसलिंगनं नकार दिला,
खाली गावं पितात हे पाणी.
काट्याशेजारच्या सिमेंटवर ओतल्या.
पांढरा डाग उमटलाय तिथं, परातीएवढा.
दुंडाप्पा म्हणतो, राहू दे की,
पहिल्या ट्रॉलीखाली जाईल.